नॉटपेड पाकिटाचा कापलेला कोपरा

चाळीस वर्षांत एक माणूस सोडला तर मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही, कारण ती वस्तू माझ्याच अल्बममध्ये होती आणि दर दिवाळीच्या साफसफाईत हाताखालून जायची. मागच्या काही वर्षांत तर सांगायची वेळ अक्षरशः समोर येऊन बसली, चहा पिऊन गेली, आणि मी विषय बदलला. आता सत्तरी उलटली आहे. अक्षर बिघडत चाललंय, तेव्हा वाचता येईल तोवर लिहून ठेवतो. नावं कोणाचीच लिहीत नाही.

मी शिक्षक होतो. गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या बाजूला एका गावात अकरा वर्षं भूगोल शिकवला आणि त्याच नादात तिकिटं जमवायला लागलो. आमच्या भागात परदेशी तिकीट मिळणं कठीण नव्हतं. आमच्याकडच्या प्रतापगडाच्या, साताऱ्याच्या नव्हे, अलीकडे तिबेटी लोकांची वसाहत आहे. त्यांचे नातलग जगभर पांगलेले, त्यामुळे धानाच्या बांध्यांतून वाट काढत स्वित्झर्लंडची, नेपाळची पत्रं यायची. वसाहतीतल्यांना इंग्रजी पत्ते मी लिहून द्यायचो आणि ते मला तिकिटं द्यायचे.

तिकीट काढायची आमची रीत साधी होती. तिकिटाभोवती बोटभर कागद सोडून कात्रीनं पाकिटाचा कोपरा कापायचा आणि ताटलीतल्या पाण्यात टाकायचा. तासाभरात तिकीट सुटतं, मग ते वर्तमानपत्रावर वाळवायचं. पाकीट चुलीत जायचं. पाकिटावरचे शिक्केही वाचायचे असतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी चित्रांच्या मागे होतो.

शिक्के वाचणारा माणूस त्याच गावात होता, रोज सायकलवरून माझ्या शाळेसमोरून जायचा. आमचे पोस्टमनभाऊ. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. ज्या पत्राला तिकीट कमी लावलेलं असतं त्याला आमच्याकडे नॉटपेड म्हणतात, गोंदिया शहरात हिंदीत बैरंग. असं पत्र घेणाऱ्याला राहिलेले पैसे भरावे लागतात. वसाहतीत अशी पत्रं पुष्कळ यायची, आणि दर वेळी दारात तोच प्रश्न: हे आम्ही का भरायचं? दुसरा कोणी असता तर नियम आहे म्हणून मोकळा झाला असता. पोस्टमनभाऊंना ते पटेना. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला कारण सांगता आलं पाहिजे, एवढ्यासाठी त्यांनी पोस्टातलं नियमांचं जुनं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचायला घेतलं. त्याला दीड वर्ष लागलं, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं, आणि तेही मीच विचारलं म्हणून.

त्यातून जे त्यांच्या हाती लागलं ते असं. परदेशी पत्राला तिकीट कमी असलं की ते जिथून निघतं तिथंच त्यावर ‘टी’ अक्षराचा शिक्का मारतात. फ्रेंच भाषेत आकारणीला जो शब्द आहे त्याचं ते पहिलं अक्षर, साऱ्या जगाच्या टपालात एकच. पण शिक्का ज्याचा त्याचा. कोणाचा गोलात, कोणाचा त्रिकोणात, कोणाचा षटकोनात. फार पूर्वी शेजारी सोन्याच्या सेंटीममध्ये, म्हणजे साऱ्या देशांनी हिशेबापुरत्या मानलेल्या नाण्यात, आकडा लिहीत. पुढे त्या जागी अपूर्णांक आला. वर किती कमी पडलं ते, आणि खाली त्या देशातून परदेशी पत्राला किती लागतात ते. पोस्टमनभाऊ असा प्रत्येक शिक्का पत्र देण्याआधी वहीत उतरवून घेत. गोल असेल तर नाणं ठेवून काढलेला, मापासकट.

आता माझी गोष्ट.

पावसाळा सरत आला होता. वसाहतीतली एक बाई बाजाराच्या दिवशी माझ्या घरी आली. वय चाळिशीच्या आसपास. तिचा धाकटा भाऊ लहानपणी, डोंगर ओलांडून येताना, चुकामूक होऊन वेगळ्या लोकांबरोबर गेला होता. तो नेपाळात दिसल्याचं एकदा कानावर आलं होतं, पुढं काही नाही. आणि आता एवढ्या वर्षांनी पत्र. आतला कागद तिबेटी, लामांनी वाचून दाखवलेला: मी बरा आहे, इथं बर्फ फार, काम मिळालंय, तू असशील तर लिही. कागद तिनं घरी पेटीत ठेवला होता. पत्ता इंग्रजीत असेल म्हणून पाकीट माझ्याकडे आणलं होतं. पुढच्या बाजाराला ती उत्तर लिहवून आणणार, मी त्यावर पत्ता घालायचा, असं ठरलं. पाकीट माझ्याकडे ठेवून ती गेली.

मला त्या पाकिटावर तिकीट तेवढं दिसलं. तो देश माझ्या अल्बममध्ये नव्हता. संध्याकाळी कोपरा कापला आणि ताटलीत टाकला. पुढच्या बाजूला धाडणाऱ्याचा पत्ता नव्हता, म्हणून तो आतल्या कागदावर असेल असं धरून चाललो. पाकीट उलटून पाहिलं नाही.

सकाळी ताटलीतलं पाणी निळं झालेलं. तिकीट सुटून वर तरंगत होतं. तळाशी कागदाचा दुसरा तुकडा होता, पाकिटाच्या पाठीचा, जो त्याच कात्रीत सोबत कापला गेला होता. त्यावर शाईच्या पेनानं लिहिलेल्या तीन ओळी होत्या. होत्या एवढंच कळत होतं.

आठ दिवसांनी ती उत्तर घेऊन आली. तिबेटी लिपीत दोन्ही बाजू भरलेला कागद. मी तिला सांगितलं की पाकिटावर पत्ता नाही. तिकीट मी काढून घेतलं हेही सांगितलं. त्यात तिला वावगं वाटायचं काही कारण नव्हतं, मला सगळेच तिकिटं देत. तिनं पाकीट घेतलं, कापलेल्या जागी बोट फिरवलं आणि म्हणाली, भाऊ पहिल्यापासून असाच, अर्धं काम करणारा. आणि हसली. आतल्या कागदावरही पत्ता नव्हता, त्यामुळे ते उत्तर पुढे कधीच गेलं नाही.

मी बदली मागून घेतली. नंतर गोंदियात घर केलं, तिथूनच निवृत्त झालो. पोस्टमनभाऊही निवृत्त होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीला मुलाजवळ राहायला आले. एकदा भाजीच्या गाड्यावर भेट झाली आणि मग दर रविवारी ते विहारातून परतताना माझ्याकडे येऊ लागले. त्यांच्या त्या वह्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. चार वह्या. मी थक्क झालो. माझ्याकडे आठ हजार तिकिटं होती आणि त्यांतलं एकही माझ्याशी बोलत नव्हतं. त्यांच्याकडे एकही तिकीट नव्हतं, पण कोणतंही पान उघडलं की ते पत्र कुठून निघालं, कुठं अडलं, कोणी तपासलं, हे सांगून मोकळे.

एकदा त्यांची परीक्षा पाहावी म्हणून मी नागपूरच्या प्रदर्शनातून बरेच पैसे मोजून आणलेलं एक जुनं नॉटपेड पाकीट पुढे केलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, खिडकीकडे तिरकं केलं आणि परत दिलं. म्हणाले, “टी कधी मारते, गुरुजी? निघताना. अन् हा टी तर आपल्या इथल्या पोचल्याच्या शिक्क्यावर बसून राहिला. पोचल्यावर कोन मारन?” पाकीट बनावट होतं. नागपूरच्या तीन जाणकारांनी ते हाताळलं होतं आणि मला शाबासकी दिली होती.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बुद्धपौर्णिमेला पोस्टमनभाऊ नेहमीप्रमाणे वसाहतीतल्या मंदिरात गेले होते. तिथं ती बाई त्यांना भेटली. आता ऐंशीकडे झुकलेली, सगळे तिला अम्मा म्हणत. तिनं पोस्टमनला ओळखलं आणि घरी नेऊन पूजेच्या पेटीतून ते पाकीट काढून दिलं. तिचं मागणं एवढंच होतं: भाऊ गेला कुठं, तेवढं मरायच्या आधी कळावं. आतला कागद वाळवीनं कधीच खाल्ला होता. उरलं होतं ते कोपरा कापलेलं पाकीट.

ते घेऊन पोस्टमनभाऊ पुढच्याच रविवारी माझ्या बैठकीत हजर. पाकीट टेबलावर ठेवून म्हणाले, “अम्मा सांगे, तिकीट तुम्ही घेतलं होतं. असन न जवळ? तिकीट असलं तं देश एका मिनिटात कळते.”

आठ पावलांवर कपाट होतं. मी म्हणालो, “नाही हो. तेव्हाच कोणाला तरी बदल्यात देऊन टाकलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, मला आठवत नाही, कारण मी पाहत नव्हतो. “बरं,” म्हणाले, “मंग टीलेच विचारू.”

टीचा शिक्का वाचला होता, पण थोडक्यात. माझी कात्री त्याच्या गोलाला घासून गेली होती. गोलात टी, शेजारी आडवी रेघ, वर चौतीस, खाली अडुसष्ट. कापलेल्या कडेला तिकिटावरच्या शिक्क्याच्या नागमोडी रेघांची टोकं. मागच्या बाजूला आमच्या गावच्या पोस्टाचा शिक्का, त्यात साल स्पष्ट. बस, एवढंच. पोस्टमनभाऊंची त्या सालची वही गळक्या छपराखाली भिजून कधीच गेली होती.

वसाहतीत सगळ्यांना वाटे की भाऊ स्वित्झर्लंडला असणार, बर्फ आणि नातलग दोन्ही तिथं. मीही तेच म्हणालो. खरं काय ते ठाऊक असून म्हणालो. पोस्टमनभाऊंनी वही काढली, त्या देशाचे सहा टी दाखवले. एकातही खाली अडुसष्ट नव्हतं, आसपासही नव्हतं. ते नाव त्यांनी खोडलं.

मग त्यांनी जी वाट काढली ती मला आजही शाळेत शिकवावीशी वाटते. खालचा आकडा म्हणजे त्या देशाचा परदेशी पत्राचा दर. जो दर असतो त्या किमतीचं तिकीट तो देश छापतोच, नाहीतर लोक लावणार काय? तेव्हा त्या साली, किंवा एखादं साल मागे, अडुसष्टचं तिकीट कोणी छापलं ते शोधायचं. माझ्याकडे जगाच्या तिकिटांच्या सूचीचे जाडजूड खंड होते. तीस वर्षं मी त्यांत फक्त चित्रं पाहिली होती. ते रोज सकाळी मुर्रीहून सायकलनं यायचे, माझ्या खिडकीशी बसून एकेक देश बोटानं खाली उतरत जायचे. इंग्रजी सावकाश, ओठ हलवत. अकरा वाजता बायको चहा द्यायची. बारा वाजता ते खंड जागेवर ठेवून जायचे. असे जवळपास तीन आठवडे.

मी समोर बसून पेपर वाचायचो. तीन आठवडे एक माणूस माझ्या घरात माझ्याच अल्बममधली गोष्ट शोधत होता.

अडुसष्टचं तिकीट तीन-चार देशांत निघालं. मला वाटलं, आता अडतील. ते अडले नाहीत. “वर चौतीस कमी आहे,” म्हणाले, “म्हणजे चौतीसच लावलं होतं. तं त्याच देशात, त्याच साली, चौतीसचंही तिकीट पायजे.” परत खंड उघडले. दोन्ही तिकिटं एकाच देशात, एकाच साली सापडली. कॅनडा. एवढ्यावरही थांबले नाहीत. चौतीस हा तिथला देशांतर्गत पत्राचा दर होता, बरोबर निम्मा. “घरच्या टपालाचं तिकीट लावलं न बापा त्यानं. नवा मानूस होता तिकडं. कोनाले इचाराचं ते ठाऊक नसन.”

त्यांनी पाकीट हातात धरलं आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, “नॉटपेड असलं का मी मांगचा पत्ता आधी पाहो. कोनी घेतलं नाही तं वापस कुठं धाडाचं? याच्यावरही होता, तेवढं आठवते; काय होता ते नाही आठवत. याच कोपऱ्यात.”

बायको आत पोळ्या करत होती. मी उठलो, कपाट उघडलं, अल्बममधून तिकीट चिमट्यानं काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यांच्या संसदेच्या इमारतीचं चित्र, चौतीस सेंट. त्यावर शिक्क्याच्या नागमोडी रेघा आणि पत्र जिथून निघालं त्या गावाच्या नावाची शेवटची चार अक्षरं.

पोस्टमनभाऊंनी तिकीट पाकिटाच्या कापलेल्या जागेत ठेवलं, नखानं थोडं डावीकडे सरकवलं. रेघा मधला बोटभर कागद सोडून पलीकडच्या रेघांच्या अगदी समोर आल्या. “बसलं,” म्हणाले.

मी ताटलीपासून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग वही मिटली, चष्म्याची दोरी नीट केली. “अम्माले देश मी सांगतो. शिक्का मी सांगतो. कैचीचं तुमचं तुम्ही सांगा.” पुढे त्यांनी हा विषय माझ्यापाशी काढला नाही, रविवारचं येणंही बंद केलं नाही. त्यांनी रागवायला हवं होतं.

आम्ही बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीला उतरलो, तिथून ऑटोनं वसाहतीत. अम्मा ओसरीत माळ ओढत बसली होती. पोस्टमनभाऊंनी जमिनीवर बसून, पाकिटावर काडी ठेवून, तिला हिंदीत सगळं समजावलं. टी म्हणजे काय, चौतीस कशाचे, अडुसष्ट कशाचे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी दारात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं. निम्मंच तिकीट लावलं होतं हे ऐकून ती पोट धरून हसली. म्हणाली, हिशेबात तो कच्चाच होता, याकसुद्धा दोनदा मोजायचा. मग पोस्टमनभाऊ म्हणाले की तिकीट गुरुजींनी आजवर सांभाळून ठेवलं होतं. हे खरंच होतं. ते म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. मला जागा करून दिली होती. मी पाणी मागितलं.

त्या चार अक्षरांवरून वसाहतीतल्या लोकांनी तिकडच्या आपल्या माणसांना कळवलं. दोन-अडीच महिन्यांत पत्ता लागला. भाऊ काही वर्षांपूर्वीच वारला होता. त्याची मुलगी होती. तिनं मोबाइलवर अम्माला तोंड दाखवलं, बापाचा फोटो दाखवला. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अम्मा तो फोटो कागदावर काढून आणून पेटीपाशी ठेवून बसली होती. फोटोत एक म्हातारा बर्फातल्या दारात उभा, कान तिच्यासारखेच.

अम्मानंच सांगितलं. भावानं ते एकदाच पत्र लिहिलं होतं, असं भाचीनं तिला सांगितलं होतं. वर्षभर वाट पाहिली. उत्तर आलं नाही, तेव्हा बहीण गेली असं समजून त्यानं तिच्या नावानं दिवे लावले. दर वर्षी लावायचा. मी जिवंत असून माझे दिवे लागत होते, असं ती म्हणाली. या वेळी मात्र हसली नाही.

मग आत जाऊन दोन पांढरे रेशमी पट्टे घेऊन आली, मान द्यायला ते लोक गळ्यात घालतात तसे. पहिला पोस्टमनभाऊंना घातला. दुसरा माझ्या गळ्यात घातला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “मास्टरजी, आपने तो उसी वक्त देखा था. पता लिखा ही नहीं था, तो आप क्या करते?”

पोस्टमनभाऊ उठून अंगणात गेले. ते मुद्दाम गेले होते.

मी म्हणालो, “जी.” एवढंच म्हणालो.

परतीच्या गाडीत पोस्टमनभाऊ खिडकीशी बसले होते. सौंदड स्टेशन गेल्यावर म्हणाले, “पुढच्या खेपेले मी नाही येत. तुम्ही एकटेच जा.” मला ते पटलं. एकट्यानं सोपं जाईल असं वाटलं. थंडीत वसाहतीतले लोक स्वेटर विकायला गावोगावी जातात, अर्धी घरं बंद असतात. ते परतले, त्यांचं नवं वर्ष झालं की जायचं, असं ठरवलं. अम्मा कुठंही जात नव्हती, घरीच होती, हे मला माहीत होतं. तरी मी घरं उघडायची वाट पाहिली.

नवं वर्ष यायच्या आधीच ती गेली. मुर्रीहून पोस्टमनभाऊ सांगायला आले. सायकल दाराशी टेकवून उभ्याउभ्याच सांगितलं आणि चहा न घेता गेले.

पट्टा कपाटात आहे, अल्बमच्या वर. तिकीट अल्बममध्ये नाही. पाकिटासोबत ते कॅनडाला भाचीकडे गेलं. पोस्टमनभाऊंनी स्वतः पोस्टात जाऊन वजन करून घेतलं, पूर्ण तिकीट लावून घेतलं आणि पाठीवर धाडणाऱ्याचा पत्ता मधोमध लिहिला, कोपऱ्यात नाही.

अम्मासाठी मी हिंदीत वाक्यं जुळवून ठेवली होती, कारण तिला मराठी थोडीच कळे. गाडीत म्हणून पाहिली होती, अंगणात म्हणून पाहिली होती, तिचे हात माझ्या हातांत असताना ती तोंडापर्यंत आली होती: अम्मा, पता लिखा था. पीछे, उसी कोने में. मैंने बिना देखे काटा, और आपसे झूठ बोला. मुझे माफ़ कर दीजिए.